पक्की पावती

दर वर्षी मृग जवळ आला की कृषी खात्याचं एक आवाहन आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत छापून येतं. बियाणं घेताना पक्की पावती घ्या. पावतीवर लॉट नंबर लिहून घ्या. पिशवी खालच्या बाजूने फोडा, म्हणजे वरचा टॅग शाबूत राहील. पेरून झाल्यावर थोडं बियाणं पिशवीतच जपून ठेवा. मजकूर जवळजवळ तोच असतो, फक्त खालचं अधिकाऱ्याचं नाव बदलतं. कित्येक वर्षं मी ते पानाचा कोपरा भरायला टाकलेलं काहीतरी समजून पुढे जात होतो. २०२०च्या खरिपात याच चार ओळींवरून माझं आणि काकांचं असं वाजलं की दिवाळीपर्यंत आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

(घरातल्या काही मंडळींचा समज आहे की ते भांडण वाटणीवरून झालं. त्यांच्यासाठी हा खुलासा.)

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, मानवतच्या बाजूला. शेती काका बघतात, मी पुण्यात बसून फोनवरून सल्ले देतो. त्या जूनमध्ये काकांनी सोयाबीनच्या चार बॅगा घेतल्या. (आमच्याकडे बियाण्याची पिशवी कोणी म्हणत नाही, बॅगच म्हणतात.) एक बॅग तीस किलोची, अंदाजे एका एकराची. दोन बॅगा रोखीने, दोन उधारीवर. रोखीच्या बॅगांची छापील पावती मिळाली. उधारीच्या दोन दुकानदाराच्या वहीत गेल्या आणि काकांच्या हातात एक कच्ची चिठ्ठी आली : नाव, 'दोन बॅग' आणि आकडा. कंपनी नाही, वाण नाही, लॉट नाही. पाऊस चांगला झाला, वाफसा बघून पेर झाली. आठव्या दिवशी काकू रानातून आली आणि म्हणाली, "तासंच दिसंनात."

त्या वर्षी हे एकट्या आमच्या रानात झालं नव्हतं. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या आणि अवकाळी पावसाने उभं सोयाबीन भिजलं होतं, त्यातच बियाण्याचे प्लॉटही भिजले. तेच बियाणं २०२०ला बाजारात आलं. मराठवाड्यातून न उगवल्याच्या तक्रारी हजारोंनी आल्या, आणि उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन गुन्हे नोंदवायला सांगितलं. काकांनीही पंचायत समितीत अर्ज दिला. अर्जाचा मजकूर मी फोनवर सांगितला, शेजारच्या पोराने लिहिला. तालुक्याची तक्रार निवारण समिती पाहणीला आली, तासातली रोपं मोजली, पंचनामा केला. पण फक्त दोन एकरांचा. उरलेल्या दोन एकरांच्या बांधावर साहेबांनी विचारलं, "याचा कागद?" काकांनी चिठ्ठी दाखवली. साहेब भले गृहस्थ असावेत. ते नुसते हसले आणि चिठ्ठी घडी घालून परत दिली.

त्या रात्री फोन ठेवल्यावर मी कायदा वाचायला घेतला. लॉकडाऊन होता, वेळ होता, आणि राग तर होताच. तेव्हा जे वाचलं आणि पुढे जे वाचत गेलो ते इथे एकत्र लिहून ठेवतो.

सुरुवात शब्दापासून. तक्रार हा शब्द मुळात अरबी. तिकडे त्याचा अर्थ 'पुन्हा पुन्हा करणं', उर्दूत तकरार म्हणजे वादावादी. आपल्याकडे येऊन तो गाऱ्हाणं झाला, पण पुन्हा पुन्हा सांगण्याचा मूळ गुण काही त्याने सोडला नाही. परभणी सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होतं आणि कारभाराची भाषा उर्दू होती. आजोबांच्या पेटीत त्या काळचे दोनतीन कागद अजून आहेत. घरात ते कुणालाही वाचता येत नाहीत. आजोबा एवढंच सांगायचे, की हे अर्ज आहेत, आणि अर्ज म्हणजे विनंती. आधी मायबाप म्हणायचं, मग दुःख सांगायचं, शेवटी दयेची याचना करायची. मिळालं तर कृपा, नाही मिळालं तर नशीब. आमच्या भागात सरकारी कचेरीत जाणाऱ्या माणसाच्या खांद्यांत तो अर्ज अजून आहे. काकांनी पंचायत समितीला दिलेल्या कागदाच्या तळाशी पोराने लिहिलं होतं, "तरी मायबाप सरकारने गरिबावर दया करावी." मी हे सांगितलं नव्हतं.

अर्जाचा हक्क व्हायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. महाराष्ट्रात ही चळवळ उभी करणारं मोठं नाव म्हणजे बिंदुमाधव जोशी. १९५४च्या दादरा-नगर हवेली मुक्तिसंग्रामात सुधीर फडक्यांबरोबर असलेला हा माणूस. टंचाई, साठेबाजी आणि भेसळीच्या त्या दिवसांत, १९७४मध्ये, त्यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचा किराणा घाऊक भावाने आणायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, ही त्यांची पद्धत. पुण्यामुंबईच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत त्या वाटपाच्या आठवणी निघतात. ग्राहकासाठी वेगळा कायदा हवा ही मागणी पंचायतीने लावून धरली. १९८५मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली आणि २४ डिसेंबर १९८६ला आपला ग्राहक संरक्षण कायदा मंजूर झाला. राष्ट्रीय ग्राहक दिन त्याच तारखेला पाळतात.

कायदा खरोखर चांगला होता, हे रागाच्या भरातही मान्य करावं लागलं. साध्या कागदावर तक्रार लिहा. वकील नको. सुरुवातीला तर फीसुद्धा नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणी मंच, त्यात तिघे जण, पैकी एक महिला. आधी एक लाखापर्यंतच्या तक्रारी, १९९३पासून पाच लाख, २००३पासून वीस लाख. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट : ग्राहक कोण, तर ज्याने पैसे दिले तो, आणि ज्याने पैसे द्यायचं कबूल केलं तोही. म्हणजे उधारीवाला माणूस कायद्याने पहिल्या दिवसापासून ग्राहकच होता. काकांच्या त्या दोन बॅगा कायद्याने बाहेर ठेवल्याच नव्हत्या. त्या बाहेर राहिल्या चिठ्ठीमुळे.

पण याच कायद्यात एक कलम होतं, तेरावं. वस्तूतला दोष नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नसेल, तर मंचाने तक्रारदाराकडून त्या वस्तूचा नमुना घ्यायचा, सीलबंद करायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. वाचायला अगदी योग्य. पंखा असेल तर पंखा आणा, तेलाचा डबा असेल तर डब्यातलं तेल आणा. कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा असलाच काहीतरी माल असणार. बियाणं नसणार. बियाणं हा असा माल आहे की तो वापरल्याशिवाय त्याचा दोष कळत नाही, आणि वापरला की तो उरत नाही. तिफणीने मातीत सोडलेला दाणा आठव्या दिवशी नमुना म्हणून कुठून आणायचा?

आणि नेमका हाच बचाव देशभर बियाणे कंपन्या वर्षानुवर्षं करत राहिल्या. शेतकऱ्याने नमुना दिला नाही, तपासणी झाली नाही, तेव्हा तक्रार फेटाळा. १९९८मध्ये असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कंपनी आपल्या शेजारच्या जालन्याची, महाराष्ट्र हायब्रीड सीड्स. शेतकरी आंध्रचे. न्यायालयाने विचार केला तो कुठल्याही शेतकऱ्याला पटेल असा : शेतकरी घेतलेलं सगळं बियाणं पेरतो, तपासणीला थोडं मागे ठेवत नाही. तपासणी हवी होती तर कंपनीने तसा अर्ज करायचा होता.

पण तेवढ्याने वाद संपला नाही. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच हरियाणातल्या एका प्रकरणात म्हटलं, की पीक कमीजास्त आलं म्हणून दोष बियाण्याचाच असं धरता येत नाही. (हेही खरंच आहे म्हणा. खोल पेरलं, ओल कमी पडली, तरीही उगवत नाही. आमच्या पंचनाम्याच्या वेळीही पेर किती खोल पडली हे विचारलं गेलंच.) मग १६ जानेवारी २०१२ला राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सविस्तर निकाल आला. निगमाचं म्हणणं असं, की बियाण्यांसाठी १९६६चा स्वतंत्र कायदा आहे, शेतकऱ्याने तिकडे जावं, ग्राहक मंचात त्याचं काय काम? आता त्या १९६६च्या कायद्यात शिक्षा किती? पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड. नुकसानभरपाईची तरतूदच नाही. पाचशे रुपयांत २०२०ला एक बॅग तर सोडाच, पाव बॅगही येत नव्हती. न्यायालयाने सांगितलं, की ग्राहक कायदा हा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, शेतकऱ्याला मंचाची वाट मोकळी आहे. नमुन्याबद्दल तर आणखी स्पष्ट झालं. बियाणे नियमांप्रमाणे प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षं आणि त्याचा नमुना लॉट विकून संपल्यावर वर्षभर विकणाऱ्याकडे असायला हवा. म्हणजे नमुना ठेवणं हे शेतकऱ्याचं काम नव्हतंच.

हे वाचून मी रात्री साडेअकराला काकांना फोन केला. ते झोपले होते. उठून त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते कृषीवाले कशाला सांगतेत मूठभर ठेवा म्हणून?"

मला उत्तर देता आलं नाही. आज थोडं देता येतं. निकाल दिल्लीत लागतो, पण तालुक्याच्या टेबलावर कागद आणि पुडी असली की काम पुढे सरकतं. खात्याच्या माणसाला हे माहीत असतं, म्हणून तो दर वर्षी सांगतो.

आमच्या जिल्ह्याला हे बोंडअळीच्या वर्षी एकदा नीट दिसलं होतं. २०१७च्या खरिपात शेंदरी बोंडअळीने कापूस गेला. विदर्भ, मराठवाडा, सगळीकडे. राज्याचा २००९चा कापूस बियाण्यांचा कायदा आहे. १९६६च्या कायद्यात नसलेली भरपाईची तरतूद त्यात आहे. त्याखाली 'जी' नमुन्यात अर्ज भरायचा होता. ज्यांनी आयुष्यात इंग्रजी अक्षर काढलं नाही ती माणसं त्या डिसेंबरात "जी भरला का?" असं एकमेकांना विचारत होती. अर्जाला सातबारा हवा आणि बियाण्याची पावती हवी. राज्यातून असे अर्ज लाखोंनी गेले. नागपूर अधिवेशनात कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर यांनी मदत जाहीर केली : कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये. त्यात केंद्राच्या आपत्ती निधीचे ६,८००, पीक विम्याचे ८,००० आणि बियाणे कंपन्यांकडून १६,०००. म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम कंपन्यांनी द्यायची. कंपन्यांनी ती जबाबदारी नाकारली. अळी बियाण्याच्या दोषामुळे आली नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि प्रकरण वादात गेलं. सरकारी हिस्सा काही हप्त्यांनी आमच्या घरी आला. सोळा हजार आले नाहीत.

त्यातही पावती सापडली तीच घरं रांगेत उभी राहू शकली. आमच्या मागच्या गल्लीत एकाने परवानगी नसलेलं तणनाशक सहन करणारं बियाणं लावलं होतं, ज्याला लोक चोरबीटी म्हणतात. त्याची पावती असणं शक्यच नव्हतं. त्याचंही बोंड किडकं निघालं. तो 'जी' भरायला गेलाच नाही. चोरीचं बियाणं म्हणून त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण निंदणीच्या मजुरीचा हिशेब त्याला विचारला तर तो पाच मिनिटांत तोंड बंद करतो.

विजेचंही असंच आहे, ते जाता जाता सांगतो. राज्य वीज नियामक आयोग १९९९मध्ये आला. आयोगाच्या २००५च्या नियमांत खेड्यातला जळालेला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आमची डीपी, अठ्ठेचाळीस तासांत बदलायची आणि नाही बदलली तर तासाला पन्नास रुपये भरपाई द्यायची असं लिहिलं होतं. आमच्याकडे डीपी ऐन गव्हात जळते आणि वर्गणी काढून आणावी लागते. तासाला पन्नास रुपये हे मी गावात एकदा पारावर सांगितलं, तर लोकांनी मला चहा पाजला आणि विषय बदलला. भरपाई मागायची तर आधी तक्रार नोंदवल्याची पोहोच लागते, आणि आमची तक्रार नोंदली जाते ती लाइनमनच्या मोबाइलवर, तोंडी. त्याचं नाव कशाला खराब करायचं, रात्री-अपरात्री खांबावर तोच चढतो.

तर परत त्या जुलैकडे. योगायोग असा, की १९८६चा कायदा जाऊन २०१९चा नवा कायदा लागू झाला तो २० जुलै २०२०ला, म्हणजे आमच्या भांडणाच्या ऐन रंगात. मंचाचा आयोग झाला. तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येऊ लागली. पाच लाखांपर्यंत फी नव्हती. सप्टेंबरात ई-दाखिल आलं, म्हणजे घरबसल्या तक्रार. (१ जानेवारी २०२५पासून ई-जागृती आलं आहे.) मी तक्रारीचे तीन खर्डे केले. कलमं घातली, १९९८ घातलं, २०१२ घातलं. उधारीच्या दोन बॅगांसाठी दुकानदाराच्या वहीची मागणी करायची असा माझा डाव होता. आयोगाने वही मागवली की लॉट आपोआप बाहेर येईल. खर्डा छापून सहीसाठी पाठवणार, तेवढ्यात काकूने सहज सांगितलं, "आता कशाला? त्यांनी सही करून दिली की."

झालं होतं असं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुकानदार चार नव्या बॅगा घेऊन घरी आला. चार, दोन नव्हे. चिठ्ठीवरच्या दोन त्याने न मागता धरल्या. बदल्यात एका कागदावर सही, की बियाणं बदलून मिळालं, आता तक्रार नाही. काकांनी सही केली, त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर सांगितला आणि दुबार पेर उरकली.

मी फोनवर काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तुमच्यासारख्यांमुळेच हे लोक माजतात, असं एक वाक्य होतं. पहिल्या पेरणीचा ट्रॅक्टर, खत, गेलेले वीस दिवस, हे सगळं कोण देणार, तुम्ही हक्क चार बॅगांना विकलात, असं दुसरं. काका सगळं ऐकून म्हणाले, "पंधरा जुलैच्या आत पेर पडली न्हाई तर रान पडीक ऱ्हातंय. तुझी तारीख कवा हाय?"

पहिली नोटीस निघायलाच ऑगस्ट लागला असता. आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी तेव्हा सांगितली नाही, दिवाळीत ओट्यावर बसून सांगितली. रब्बीचं खत त्याच दुकानातून उधारीवर यायचं होतं. मोंढ्यात दुसरा कोणी त्यांना हंगामभर उधार देत नव्हता. त्या वहीची मी आयोगाकडून मागणी करणार होतो, आणि त्याच वहीवर आमच्या घराचा गहू उभा होता.

मी तरी म्हटलंच, "निदान नव्या बॅगांची पावती तरी घ्यायची." काका म्हणाले, "पैसे न्हाई दिले तर पावती कशाची?" यावर मी आजपर्यंत कायद्यात उत्तर शोधतोय.

दुबार पेरीचं सोयाबीन उगवलं. काढणीच्या पावसात निम्मं भिजलं, ती वेगळी गोष्ट.

यंदा मे महिन्यात गावी गेलो होतो. काकूने माळ्यावरून लोणच्याची बरणी काढायला सांगितली. तिथे एका ओळीत औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या, सातआठ. प्रत्येकीत मूठभर दाणे, गळ्याला सुतळीने बांधलेला बॅगेचा टॅग, आणि टॅगच्या मागे काकांच्या अक्षरात तारीख आणि 'रोख' किंवा 'उधार'. काही निळे टॅग, काही हिरवे. सगळ्यात मागच्या बाटलीला टॅग नव्हता. तिच्यावर औषधाच्या लेबलवरच पेनाने लिहिलं होतं : २०२०, बदलीची बॅग, पावती नाही.

मी काही बोललो नाही. बरणी घेऊन खाली उतरलो.